धाग्याचे ऋण
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



ग्रीसच्या पुराणकथा आणि बोरसीतील मराठी शाळेचा हीरक महोत्सव यांचा संबंध काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर पुण्या-मुंबईत नव्हे, तर तंजावरात सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजीराजे यांनी आपल्या राज्यात छापखाना काढला. त्या छापखान्यातून ‘बाळबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक बाहेर पडले. छापील मराठी पुस्तकांच्या इतिहासात अगदी आरंभी ज्याचे नाव घ्यावे लागते, ते हे पुस्तक म्हणजे इसापच्या गोष्टींचे भाषांतर होते. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी मराठीत आणलेली इसापनीती प्रसिद्ध झाली आणि कोल्हा, करकोचा, ससा, कासव ही मंडळी मराठी घरांत कायमची मुक्कामाला आली. म्हणजे मराठी मुलांसाठी छापील पुस्तक निघाले तेव्हा त्यातील गोष्ट ग्रीसची होती, आणि ते छापवून घेणारे मराठी घराणे तमिळ मुलखात नांदत होते. आपल्या मुलखापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसांनी परक्या गोष्टी आपल्या भाषेत आणाव्यात, ही परंपरा अशी दोनशे वर्षांहून जुनी आहे.

संबंध त्याही आधीचा आहे. ग्रीक लोकांना संस्कृतात आणि प्राकृतात ‘यवन’ म्हटले गेले. हा शब्द आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून आला. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दान दिल्याचे तेथील लेख सांगतात. जुन्नरच्या लेण्यांतही यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. १९४० च्या दशकात कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी, ब्रह्मपुरीच्या टेकाडावर, कांस्याची एक लहानशी मूर्ती सापडली. ती होती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्री ओलांडून तो देव कोल्हापुरापर्यंत आला होता. तेव्हा त्याच्या कथांनी आणखी काही मजल मारून शिवनाथ नदीच्या खोऱ्यात यावे, यात नवल नाही.

इसापचे प्राणी साधे आहेत. ते शेतात, रानात, अंगणात भेटतात. ग्रीक पुराणांतील प्राणी मात्र वेगळे. बैलाचे डोके आणि माणसाचे धड असलेला मिनोटॉर. केसांच्या जागी साप वळवळणारी मेड्युसा. पुढून सिंह, मध्ये बकरी आणि शेपटीला सर्प अशी कायमेरा. नऊ मस्तकांची हायड्रा. पंख असलेला घोडा पेगॅसस. मराठी माणसाने यांतील काहींना आकाशात केव्हाच आपली नावे दिली आहेत. मराठी तारकापटावर हायड्राचा वासुकी झाला, पेगॅससचा महाश्व झाला आणि अर्धा माणूस, अर्धा घोडा असलेल्या सेंटॉरचा नरतुरंग झाला.

या प्राण्यांच्या गोष्टी बहुधा शौर्याच्या गोष्टी म्हणून सांगितल्या जातात. वीर आला, त्याने राक्षस मारला, जयजयकार झाला. पण गोष्ट सावकाश वाचली, तर एक बाब ध्यानात येते. या प्राण्यांना मारणारा एकही वीर केवळ आपल्या बळावर जिंकलेला नाही. प्रत्येकाच्या हातात कोणीतरी दिलेली एक वस्तू आहे. बहुतेक वेळा ती वस्तू साधी आहे आणि देणारा गोष्टीच्या कडेला उभा आहे. राक्षस कसा मेला, यापेक्षा त्या देणाऱ्याचे पुढे काय झाले, हे पाहिले तर या कथा निराळ्याच वाटू लागतात.

प्रथम हर्क्युलिस घ्यावा. ग्रीक कथांत त्याच्याइतका बलवान दुसरा नाही. लेर्नाच्या दलदलीतील हायड्राशी त्याची गाठ पडली, तेव्हा त्याचे बळच त्याला नडले. एक मस्तक छाटले की त्या जागी दोन उगवत. जितका पराक्रम अधिक, तितके संकट मोठे. देवीमाहात्म्यातील रक्तबीज मराठी वाचकांना येथे आठवेल. त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की नवा असुर उभा राही; म्हणून कालीने ते रक्त भूमीवर पडूच दिले नाही. हर्क्युलिसच्या मदतीला त्याचा पुतण्या आयोलस धावला. काकाने मस्तक छाटावे आणि पुतण्याने पेटते कोलीत लावून ती जखम लगेच डागावी, अशी जोडी जमली आणि हायड्रा आटोपली. विशेष म्हणजे ज्या राजाने हे काम सांगितले होते, त्याने ते मोजायला नकार दिला. कारण काय, तर पुतण्याची मदत घेतली! परीक्षेच्या दालनात हा नियम योग्यच आहे. तेथे शेजाऱ्याची मदत चालत नाही. पण परीक्षेच्या दालनाबाहेर हाच नियम लावला, तर जगातील एकही मोठे काम कोणाच्या नावावर जमा होणार नाही.

दुसरी गोष्ट पर्सियसची. मेड्युसाच्या नजरेला नजर भिडली की माणसाचा दगड होई. तेथे तलवारीचा उपयोग नव्हता, कारण वार करण्यासाठी पाहणे भाग होते आणि पाहिले की सारेच संपले. अथीना देवीच्या कृपेने पर्सियसला मार्ग सापडला. लखलखीत ढालीत मेड्युसाचे प्रतिबिंब पाहून त्याने वार केला. काही गोष्टी थेट पाहता येत नाहीत. त्या पाहण्यासाठी मध्ये काहीतरी धरावे लागते, हे भिलाईच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. वितळलेल्या पोलादाच्या झळाळीकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येत नाही, म्हणून भट्टीवरचा कामगार निळ्या काचेतून पाहतो. मनुष्याच्या आयुष्यातील भय, दुःख आणि अपमान यांचेही असेच असते. थेट पाहिले तर माणूस गोठून जातो. गोष्ट, कविता, नाटक, इतिहास ही त्यासाठी शाळेने हातात दिलेली काच आहे. चिलया बाळाची कथा ऐकताना डोळे पुसणारे मूल नकळत दुःखाकडे पाहायला शिकत असते.

पर्सियसच्या कथेचा शेवट फारसा सांगितला जात नाही. काम झाल्यावर त्याने पंखांच्या पादुका, अदृश्य करणारे शिरस्त्राण आणि झोळी परत केली. मेड्युसाचे मस्तकही त्याने अथीनेला अर्पण केले. वस्तू ज्यांच्या होत्या त्यांना मिळाल्या. ग्रीक कथांत वीरांचे शेवट बहुधा दारुण होतात. पर्सियस मात्र त्याला अपवाद ठरला. राज्य, पत्नी, मुलेबाळे यांसह तो सुखाने नांदला. ग्रीक कथाकार तात्पर्य सांगत नाहीत. ते घडलेले तेवढे सांगतात आणि अर्थ ऐकणाऱ्यावर सोपवतात.

आता बेलेरोफॉन पाहावा. पंखांचा घोडा पेगॅसस कोणालाच वश होत नव्हता. अथीनेने बेलेरोफॉनला सोन्याचा लगाम दिला आणि घोडा शांत उभा राहिला. त्यावर स्वार होऊन त्याने आकाशातून कायमेराला मारले. एकामागून एक विजय मिळत गेले, आणि लगाम कोणी दिला हे तो विसरला. उंची आपलीच आहे, असे त्याला वाटू लागले. देवांच्या पर्वतावर जाण्यासाठी त्याने घोडा वर वर नेला. झ्यूसने एक गोमाशी पाठवली. ती घोड्याला डसली, घोडा उसळला आणि स्वार खाली कोसळला. उरलेले आयुष्य त्याने माणसांना टाळत एकाकी भटकत काढले. अजस्र कायमेरा ज्याचे काही बिघडवू शकली नाही, त्याला एका माशीने पाडले.

चौथा थिसियस, आणि त्याची कथा या प्रसंगाला सर्वांत जवळची. क्रीट बेटाच्या मायनॉस राजाने पोसायडनला बळी देण्याचे वचन देऊन मागून घेतलेला सुंदर बैल लोभाने स्वतःकडेच ठेवला. त्या मोडलेल्या वचनातून मिनोटॉर जन्मला. त्याला कोंडण्यासाठी डेडॅलस नावाच्या कारागिराने असा भुलभुलैया बांधला, की आत गेलेला बाहेर येऊ नये. अथेन्सची सात मुले आणि सात मुली त्यात सोडल्या जात. त्यांच्यातील एक होऊन थिसियस गेला. मिनोटॉरला मारणे त्याला जमण्यासारखे होते. अडचण होती ती परत येण्याची. मायनॉसच्या मुलीने, आरिआद्नीने, त्याला सुताचा गुंडा दिला. त्याचे एक टोक दाराशी बांधायचे आणि सूत सोडत आत जायचे. मिनोटॉर मेला, आणि त्याच सुताच्या आधाराने थिसियस बाहेर आला.

पुढे काय झाले? थिसियसने आरिआद्नीला गलबतावर घेतले खरे, पण वाटेतील नॅक्सॉस बेटावर ती झोपलेली असताना तिला तेथेच सोडून तो निघून गेला, असे कथेच्या एका प्रचलित रूपात सांगितले जाते. विसर पडण्याची सवय तेथे थांबली नाही. जिवंत परतलो तर पांढरे शीड लावीन, असे त्याने वडिलांना सांगितले होते. घराच्या ओढीत, विजयाच्या आनंदात तेही राहून गेले. काळे शीड पाहून वृद्ध राजा ईजियसने समुद्रात उडी घेतली. त्या समुद्राला आजही ईजियन समुद्र म्हणतात. ज्याला सुताचा विसर पडतो, त्याला पुढे शिडाचाही विसर पडतो.

आतापर्यंत घेणाऱ्यांची गोष्ट झाली. देणाऱ्याची गोष्ट सांगायची, तर ती नरतुरंगाची, म्हणजे कायरॉनची सांगावी लागते. सेंटॉर ही जात ग्रीक कथांत दांडगट, मद्यपी आणि भांडखोर म्हणून येते. कायरॉन त्यांच्यासारखाच दिसणारा, कमरेखाली घोडाच. पण तो शिक्षक होता. पेलियन पर्वतावरील गुहेत त्याची शाळा होती. वैद्यकशास्त्राचा देव मानला गेलेला अस्क्लेपियस, वीर अकिलीस आणि जेसन हे त्याचे विद्यार्थी. वनस्पतींचे गुण, संगीत, शिकार आणि वागण्याची रीत तो शिकवी. एका झटापटीत हर्क्युलिसचा बाण चुकून त्याला लागला. हर्क्युलिसचे बाण हायड्राच्या विषात बुडवलेले होते. कायरॉन अमर होता, म्हणून मरण येईना. जखम विषारी होती, म्हणून भरेना. इतरांना बरे करायला शिकवणाऱ्याला स्वतःची जखम बरी करता आली नाही. अखेर त्याने आपले अमरत्व सोडून दिले. मानवाला अग्नी आणून दिल्याबद्दल पर्वताला जखडलेल्या प्रॉमिथियसची सुटका त्या त्यागामुळे झाली, असे कथा सांगते.

या कथेत मराठी मनाला ओळखीचे बरेच काही आहे. एक म्हणजे, पूर्वीच्या विजयातले विष पुढे निरपराध्याला लागते, म्हणून जिंकण्याची साधनेही जपून वापरावी लागतात. दुसरे म्हणजे, मिश्र रूप म्हणजे विद्रूप नव्हे. ग्रीकांना असे प्राणी बहुधा भयानक वाटले. भारतीय मनाने मात्र नरसिंहाला आणि हयग्रीवाला हात जोडले, आणि विद्येचा आरंभच गजमुख गणपतीच्या वंदनाने केला. कायरॉन हा ग्रीकांनाही पटलेला अपवाद. दोन स्वभाव एकाच देहात सांभाळणारा तो, आणि म्हणूनच कदाचित उत्तम शिक्षक.

छत्तीसगडातील मराठी माणूस थोडासा असाच आहे. या भूमीशी त्याचे नाते जुने. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजीराजांनी रतनपुराहून येथील कारभार पाहिला. १९५६ पर्यंत दुर्ग आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन झाले. प्रॉमिथियसचा अग्नी भिलाईत पेटला आणि त्याच्या उजेडात देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. त्यांच्या मुलांच्या बोलण्यात मराठीत हिंदी मिसळली आणि दोन्हींत छत्तीसगडीचा गोडवा उतरला. नागपुराकडचे नातलग कधी त्या बोलीला हसले असतील. पण फुगडीच्या शेजारी सुवा नृत्य आणि पुरणपोळीच्या शेजारी ठेठरी-खुर्मी ज्या घरात सुखाने नांदते, ते घर अर्धे इकडचे आणि अर्धे तिकडचे नसते. ते दोन्हीकडचे पुरेपूर असते.

पालकांसाठी या कथांत आणखी एक जोडी आहे. डेडॅलसने पिसे आणि मेण जोडून पंख केले, मुलाच्या खांद्याला बांधले आणि बजावले, की फार वर जाऊ नकोस आणि फार खालीही येऊ नकोस. इकॅरस उडण्याच्या आनंदात वर गेला, मेण वितळले आणि तो समुद्रात पडला. रामायणात अशीच झेप जटायू घेतो. सूर्याच्या तापाने तो व्याकुळ झाला, तेव्हा थोरल्या भावाने, संपातीने, आपले पंख त्याच्यावर पसरले. जटायू वाचला, संपातीचे पंख जळाले. एका कथेत वडील उपदेश करून पुढे उडत आहेत, दुसरीत थोरला भाऊ उन्हाच्या आणि धाकट्याच्या मध्ये आला आहे. मुलांना पंख देणे आज पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. शिकवणी, संगणक, परदेशाची वाट, सारे हाताशी आहे. त्यांच्यावर सावली धरायला लागणारा वेळ मात्र दुर्मीळ झाला आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास मुलाशेजारी बसून आपल्या भाषेत बोलणे, हीच ती सावली.

आता मूळ प्रश्नाकडे येणे भाग आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळांपुढे आज पटसंख्येचा प्रश्न उभा आहे, हे जाहीर समारंभात झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांनी या माध्यमातून शिकून नाव मिळवले, त्यांपैकी अनेकांनी आपली मुले दुसऱ्या माध्यमात घातली. त्यांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. भुलभुलैयात शिरल्याशिवाय कोणाचेच भागत नाही. इंग्रजी यायला हवी, हिंदी यायला हवी, पुण्याला, बंगळूरूला, सातासमुद्रापार जायलाही हवे. आरिआद्नीने थिसियसला आत जाऊ नकोस असे सांगितले नाही. एक टोक दाराशी बांध, एवढेच सांगितले. प्रश्न मूल किती दूर गेले हा नाही. त्याच्या हातात सूत आहे की नाही, हा आहे. आणि सूत हातात असले, तरी दुसरे टोक बांधायला दार जागेवर असावे लागते. शाळा म्हणजे ते दार.

भारतीय परंपरेने माणसाच्या माथ्यावर तीन ऋणे सांगितली: देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण. ऋषिऋण पैशाने फिटत नाही. ते अध्ययनाने आणि अध्यापनाने, म्हणजे मिळालेले पुढच्याच्या हाती देऊन फिटते. पर्सियसने पादुका परत केल्या, तशी विद्या देणाऱ्याला परत करता येत नाही. ती पुढे द्यावी लागते. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून दोन दिवस येऊन वर्गात बसावे, आपल्या कामाविषयी मुलांशी मराठीत बोलावे. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांनी यंत्रे कशी चालतात ते सांगावे. ज्यांची मुले दुसऱ्या माध्यमात आहेत, त्यांनी निदान शनिवारी त्यांना ग्रंथालयात आणावे. आजींनी गोष्ट सांगायला यावे. आजीच्या गोष्टीला पदवी लागत नाही. इमारतीसाठी देणगी हवीच, पण भिंतींच्या आत गोष्ट ऐकणारे मूल नसेल, तर ती इमारत म्हणजे रिकामा भुलभुलैया.

मे महिन्याच्या अखेरीस, आभाळ स्वच्छ असताना, दक्षिण क्षितिजाजवळ नरतुरंग दिसतो. भिलाईहून तो फार वर येत नाही. झाडांच्या आणि घरांच्या आडून शोधावा लागतो. त्यातील सर्वांत तेजस्वी ताऱ्याला मराठीत ‘मित्र’ म्हणतात. सूर्याला वगळले, तर पृथ्वीचा सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे हाच मित्र आणि त्याचे सोबती तारे. मुलांना तो अवश्य दाखवावा. तो दाखवताना कायरॉनची गोष्ट सांगावी, आणि ती मराठीत सांगावी.

शाळेला हीरक महोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.